नागपूरहून दोहा: मित्रांसोबत चार दिवसांत फुटबॉलची मैदानं कशी पाहायची

आमची टीम रविवारी सकाळी खेळते. सात-सात जणांचं फुटबॉल, सुटलेली पोटं, दुसऱ्या हाफला निम्मे गोलपोस्टला टेकलेले. खेळ झाला की तर्री पोहे, आणि पोह्यांसोबत दर वेळी एकच विषय: "एकदा बाहेर जाऊन मॅच पाहायची यार." बाहेर म्हणजे लंडन, माद्रिद, गेलाबाजार म्युनिक. सहा वर्षं हा विषय पोह्यांबरोबर निघाला आणि पोह्यांबरोबरच संपला. शेवटी आम्ही चौघं गेलो ते दोह्याला. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, कसं जमवलं बे? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

मित्रांची नावं घेत नाही, त्यांच्या बायकाही हे वाचतील. ज्याची मैदानावर जी जागा, तेच त्याचं नाव: गोलकीपर, स्टॉपर, लेफ्ट बॅक आणि मी.

१. शहर ठरवताना आपल्या विमानतळापासून सुरुवात करा

सगळे उलटं करतात. आधी आवडता क्लब, मग त्याचं शहर, मग तिथे जायचं कसं ते. नागपूरहून असं मोजायला बसलात की आधी मुंबई किंवा दिल्ली, तिथे सहा तास बसणं, मग पुढचं विमान. वीकएंड जाण्यायेण्यातच जातो. म्हणून प्रश्न असा विचारा: सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळाहून, थेट परदेशी कुठे जाता येतं? यादी दोन बोटांवर मावते. कतार एअरवेजचं दोहा आणि एअर अरेबियाचं शारजा. वार आणि वेळा बदलत राहतात, बुकिंगच्या वेळी पाहून घ्या.

दोन्हींत फुटबॉलसाठी दोहाच. २०२२ च्या वर्ल्ड कपची आठही स्टेडियम याच शहरात आणि त्याच्या आसपास आहेत. सगळ्यात लांबचं अल बैत, तेही शहरापासून पस्तीसेक किलोमीटर. म्हणजे आपल्याकडे नागपूरहून रामटेकला जाण्याइतकंही नाही. आठांपैकी पाच स्टेडियमला मेट्रो थेट दारात नेऊन सोडते. एका वर्ल्ड कपची आठ मैदानं इतकी जवळजवळ दुसरीकडे कुठे सापडणार?

"पण तिथली लीग काय दर्जाची?" हा लेफ्ट बॅकचा प्रश्न होता. दर्जा युरोपचा नाही, हे आधीच मान्य करा. पण बार्सिलोनाचा झावी खेळाडू म्हणून शेवटची वर्षं दोह्याच्याच अल सद्द क्लबकडून खेळला आणि मग तिथेच प्रशिक्षक झाला, एवढं सांगितल्यावर लेफ्ट बॅक गप्प बसला.

२. तारीख: त्यांचा वीकएंड आपला नाही

इथे बहुतेक जण फसतात. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी ऑफिसं, शाळा, सगळं सुरू. लीगचे सामने साधारण गुरुवार, शुक्रवार, शनिवारी संध्याकाळी असतात. तुम्ही आपल्या हिशोबाने शनिवारी पोचून सोमवारी निघालात, तर तीन संध्याकाळींतली एकच हाती लागेल.

आमचं गणित असं बसलं: बुधवारी रात्री घरून निघायचं, गुरुवारी पहाटेचं विमान, गुरुवार-शुक्रवार-शनिवार सामने, रविवारी दिवसभर राहिलेली स्टेडियम, रविवारी संध्याकाळी परतीचं विमान, सोमवारी पहाटे सोनेगाव. ऑफिसच्या रजा दोनच, गुरुवार आणि शुक्रवार. सोमवारी दहाला मी मिहानमधल्या माझ्या टेबलावर होतो. डोळे उघडे होते, एवढंच.

महिना कोणता? नोव्हेंबर ते मार्च. नागपूरकराला पंचेचाळीस डिग्रीचं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो होतो. पण आपलं ऊन कोरडं, कुलर लावला की निभतं. तिथे समुद्राचा दमटपणा उन्हावर बसतो. जून-जुलैचा वर्ल्ड कप त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरला नेला, तो याच कारणाने.

रमजानचा महिना टाळलेला बरा. दिवसा उघड्यावर खाणंपिणं चालत नाही, आणि सामनेही रात्री उशिरा होतात. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, तेवढं कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

३. आधी सामना, मग विमान

रिकामं स्टेडियम म्हणजे लग्न लागून गेलेलं मंगल कार्यालय. बाहेरून फोटो काढता येतो, बाकी काही नाही. आत जायचा खरा रस्ता म्हणजे सामन्याचं तिकीट. म्हणून लीगच्या साईटवर आधी वेळापत्रक पाहा. बारा संघ आहेत, म्हणजे एका फेरीत सहा सामने. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठी लीग थांबते, तो आठवडा चुकवा. नाहीतर चौघं मिळून उंट बघून परत याल.

तिकिटाची चिंता करू नका. आम्हाला लीगच्या साध्या सामन्याचं तिकीट १० रियालला पडलं. आम्ही गेलो तेव्हा रियालचा भाव रुपयात तेवीस-चोवीसच्या आसपास होता. म्हणजे तिकीट अडीचशे रुपयांच्याही आत. तिकीट मोबाईलवर येतं, गेटवर स्कॅन करतात. चौघांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. आमची सगळी गोलकीपरच्या फोनवर होती आणि त्याची बॅटरी चार टक्क्यांवर. त्या दिवशी गेटवर उभं राहून आम्ही जितका देव आठवला तितका दहावीच्या निकालालाही आठवला नव्हता.

एक सापळा लक्षात ठेवा. क्लबचं घरचं मैदान आणि सामन्याची जागा एकच असेल असं नाही. सामने वेगवेगळ्या स्टेडियममध्ये वाटून देतात. मी एका सामन्याची जागा मनानेच ठरवून टाकली होती. आम्ही पोचलो तर पार्किंग रिकामं, दिवे बंद, आणि एक केरळी वॉचमन आमच्याकडे दयेने पाहतोय. टॅक्सी पकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिला हाफ गेला. निघण्याच्या दिवशी सकाळी प्रत्येक सामन्याची जागा पुन्हा तपासा.

४. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर कतारला पर्यटनासाठी तिथे उतरल्यावर फुकट प्रवेश मिळतो, तीस दिवसांपर्यंत. फुकट असला तरी अटी आहेत. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी कतारच्या व्हिसासाठीच्या हय्या पोर्टलवर एकदा नजर टाका. आम्ही प्रत्येकी एक प्लास्टिकची फाईल केली होती, तिच्यात:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- जाण्यायेण्याचं पक्कं तिकीट
- डिस्कव्हर कतार या साईटवरून केलेलं हॉटेल बुकिंग
- कतारचा आरोग्य विमा, महिन्याला ५० रियाल
- चालू असलेलं आंतरराष्ट्रीय डेबिट किंवा क्रेडिट कार्ड
- ऑफिसचं रजेचं पत्र
- सामन्यांची तिकिटं, छापून
- नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी

हॉटेलचं नीट वाचा, कारण पैसे इथेच बुडतात. भारतीयांना या प्रवेशासाठी हॉटेल डिस्कव्हर कतारमधूनच घ्यावं लागतं. लेफ्ट बॅकने नेहमीच्या ॲपवरून स्वस्तात दोन खोल्या घेतल्या आणि ग्रुपवर अंगठे गोळा केले. आठ दिवसांनी नियम कळला. ते बुकिंग परत न होणारं होतं. त्या दोन खोल्यांत कोणीही झोपलं नाही आणि पैसे मात्र आम्ही चौघांनी भरले. दोघांत एक खोली घेत असाल तर व्हाउचरवर प्रत्येकाचं नाव आलंय ना तेही पाहा.

५. पासपोर्टवर ईसीआर असेल तर

यावर वेगळं लिहितो, कारण स्टॉपरचा घाम निघाला होता. ज्याने पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं नाही, त्याच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणार) असा शेरा लागतो. नोकरीसाठी आखातात जाणाऱ्या अशा माणसाला सरकारची वेगळी परवानगी लागते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. पण पर्यटक म्हणून जाऊन तिथे मजुरीला राहणाऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे इमिग्रेशनचा अधिकारी चौकशी करणारच.

चार तिशीतले बाप्ये, दोह्याचं तिकीट, एकाचा पासपोर्ट ईसीआर. अधिकाऱ्याने स्टॉपरला विचारलं, "काम करायला चाललात का?" स्टॉपर म्हणाला, "नाही सर, मॅच पाहायला." तो आणखी संशयाने पाहू लागला. आखातात मॅच पाहायला कोण जातं! शेवटी परतीचं तिकीट, हॉटेलचं व्हाउचर, रजेचं पत्र आणि तीन सामन्यांची छापलेली तिकिटं समोर मांडली तेव्हा शिक्का बसला. म्हणून म्हणतो, सगळं छापून न्या. मोबाईल दाखवण्यात आणि कागद पुढे सरकवण्यात फरक पडतो.

हाताशी दोन-तीन महिने असतील तर पासपोर्टच नवा करून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की ही कटकट कायमची मिटते.

६. रात्री बारानंतरच्या तारखेचा घोळ

विमान गुरुवारी पहाटे. म्हणजे विमानतळावर बुधवारी रात्री जायचं. वाचायला सोपं आहे. आमच्या गोलकीपरने बुधवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज टाकला, "उद्या रात्री कोणाच्या गाडीने जायचं?" आम्ही तिघं तेव्हा चेक-इनच्या रांगेत उभे होतो.

तो मानेवाड्याला राहतो म्हणून वाचला. वीस मिनिटांत बॅग भरून, बाप्पा, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आला. तशाच चपलांवर त्याने वर्ल्ड कपचं फायनलचं मैदान पाहिलं. तुमच्यापैकी कोणी कामठीला किंवा हिंगण्याला राहत असेल तर हे धाडस करू नका. ग्रुपवर तारीख न लिहिता असं लिहा: "बुधवारी रात्री जेवून दहा वाजता निघायचं." घोळ होत नाही.

७. बॅगेत काय नाही घ्यायचं

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. नागपूरचा माणूस पासपोर्ट विसरेल, खर्रा विसरणार नाही. कतारमध्ये चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, आणि ई-सिगारेटवरही. स्टॉपरच्या बॅगेत प्लास्टिकमध्ये घोटलेल्या सहा पुड्या होत्या, चार दिवसांचा शिधा. सोनेगावला गेटबाहेर त्याने एक तोंडात टाकली आणि पाच एकेक करून कचऱ्याच्या डब्यात सोडल्या, पिंडदान केल्यासारख्या. पुढचे चार दिवस तो चिडचिडा होता. तुमच्यात असा कोणी असेल तर त्याला महिनाभर आधीपासून तयार करा.

सावजी मसाला. आईने दिलेला असतो, त्यात खसखस असते. आखातातल्या काही देशांत खसखस अमली पदार्थांत मोजतात. उगाच विषाची परीक्षा कशाला? संत्रा बर्फी न्या, ती कोणी अडवत नाही. तिथल्या ओळखीच्या माणसाच्या घरी तिचंच जास्त कौतुक होतं.

कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या नेऊ नका. दारूही नाही, विमानतळावरच काढून घेतात. हाफ पँट न्या, पण गुडघ्याच्या खालची.

८. दोह्यात फिरणं, आणि स्टेडियमचा क्रम

उतरल्यावर आधी मेट्रोचं कार्ड. एका फेरीला २ रियाल, दिवसभराचे ६. लाल, हिरवी आणि सोनेरी अशा तीन लाइन, आणि तिन्ही मुशैरिबला भेटतात. म्हणजे आपल्या सीताबर्डी इंटरचेंजसारखंच. एका डब्यावर कुटुंबांसाठी असं लिहिलेलं असतं, त्यात चार पुरुषांनी चढायचं नाही. आम्ही पहिल्याच दिवशी चढलो आणि एका आजीबाईंच्या नजरेने पुढच्या स्टेशनला उतरलो. शुक्रवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते, त्या दिवशी लवकर उठून उपयोग नाही. जिथे मेट्रो नाही तिथे फिरोजी रंगाच्या कारवा टॅक्सी किंवा उबर.

आता मैदानं.

लुसैल: लाल लाइनचं उत्तरेचं शेवटचं स्टेशन. १८ डिसेंबर २०२२ ची फायनल इथे झाली. अर्जेंटिना-फ्रान्स ३-३, मग पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. बाहेरची सोनेरी जाळी जुन्या अरबी कंदिलावरून घेतली आहे. संध्याकाळी उन्हं कलताना जा. दुपारी नुसता पत्र्याचा डोंगर वाटतो.

९७४: सोनेरी लाइनचं पूर्वेचं टोक, रास बू अब्बूद. कतारचा फोन कोड ९७४, आणि स्टेडियममध्ये जहाजी कंटेनरही ९७४. निळे, लाल, पिवळे डबे एकावर एक रचलेले. स्टॉपर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. तो कंटेनरचे आकडे वाचत बसला. "हे तर आपल्या अजनीच्या डेपोत पडलेले दिसतात," म्हणाला. आम्ही सामना पाहत होतो, तो कंटेनर पाहत होता. वर्ल्ड कप झाला की हे उकलून टाकणार होते, पण ते उभं राहिलं आणि तिथे नंतरही सामने झाले.

एज्युकेशन सिटी आणि अहमद बिन अली: दोन्ही हिरव्या लाइनवर, एका संध्याकाळी जमतात. दिवसा पहिलं पाहा, रात्री दुसऱ्यात सामना. मोरोक्कोने स्पेनला पेनल्टीवर घालवलं ते एज्युकेशन सिटीमध्ये. अहमद बिन अली अल रय्यान क्लबचं. जानेवारी २०२४ च्या आशियाई कपात आपण इथे ऑस्ट्रेलियाकडून ०-२ आणि उझबेकिस्तानकडून ०-३ हरलो. दुःख उगाळायचं असेल तर उत्तम जागा.

खलिफा इंटरनॅशनल: १९७६ चं, आठांत सगळ्यात जुनं. जर्मनीला जपानने इथे हरवलं. स्टेशन स्पोर्ट सिटी. स्टेडियमला लागूनच ३-२-१ नावाचं ऑलिम्पिक आणि खेळांचं म्युझियम आहे, दोन-तीन तास सहज जातात. सामना नसेल त्या दुपारसाठी हे राखून ठेवा.

अल जनूब आणि अल थुमामा: दोन्हींसाठी मेट्रोनंतर टॅक्सी. अल जनूब वक्रा शहरात आहे. झाहा हदीद यांच्या आर्किटेक्ट कंपनीचं काम, जुन्या मोती काढणाऱ्या बोटींच्या शिडांसारखं छप्पर. अल थुमामा म्हणजे अरबी टोपी उपडी ठेवलेली. सामना नसेल तर अल थुमामा सोडलं तरी चालेल.

अल बैत: लांब आहे, पण सोडू नका. वाळवंटातल्या तंबूसारखं, आत लाल-काळ्या पट्ट्यांचं विणकाम. वर्ल्ड कपचा पहिला सामना इथे झाला. चौघांत टॅक्सी वाटून घेतली की जड जात नाही.

आणि एक नववं मैदान, जे वर्ल्ड कपच्या यादीत नाही. भारतीयाने ते आधी पाहावं असं माझं मत आहे. अल सद्दचं जासिम बिन हमद स्टेडियम. लहानसं, जुन्या वळणाचं, मैदान इतकं जवळ की खेळाडूंचं ओरडणं ऐकू येतं. १० सप्टेंबर २०१९ ला आपण इथे कतारला ०-० असं रोखलं, आपला गोलरक्षक गुरप्रीतने गोलसमोर भिंत उभी केली होती. आणि इथेच ११ जून २०२४ ला कतारविरुद्धच आपल्या छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो. मग चेंडू रेषेबाहेर गेला, कतारवाल्यांनी आत ओढला, गोल केला आणि पंचांनी तो दिला. शेवटी १-२ हरलो. वर्ल्ड कप पात्रतेची पुढची फेरी गेली.

आम्ही तिथे सामना पाहायला गेलो तेव्हा गोलकीपर आणि लेफ्ट बॅकचं भांडण लागलं, तो चेंडू कोणत्या गोलच्या बाजूला बाहेर गेला होता यावर. दोघांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले, आडवे धरले, स्टँडच्या छपराशी जुळवून पाहिले. समोर अल सद्दने तेवढ्यात एक गोल केला. दोघांनीही पाहिला नाही.

९. सामन्याच्या संध्याकाळी

तासभर आधी पोचा. गर्दीची भीती नको, गर्दी नसतेच. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये दोन-चार हजार माणसं असली की चांगला दिवस. पण एका कोपऱ्यात ढोल, भोंगे आणि एक माणूस माईकवर शेवटपर्यंत गाणी म्हणणारा, एवढं पक्कं. त्या कोपऱ्याजवळ बसा. आमच्या मागच्या रांगेत कोझिकोडची सहा पोरं होती. कतारमध्ये सात लाखांहून जास्त भारतीय आहेत, आणि स्टेडियममध्ये भेटणारा भारतीय बहुधा मल्याळीच. त्यांच्याशी फुटबॉल बोला, जेवण कुठे चांगलं मिळतं ते आपोआप कळेल.

शिव्या. आपल्याकडे रेफरीला आईवरून बोलल्याशिवाय सामना पुढे सरकत नाही. तिथे असभ्य हावभाव आणि शिवीगाळ हा गुन्हा आहे. आणि हिंदी कोणाला कळणार, या भ्रमात राहू नका. तिकीट तपासणाऱ्यापासून पाणी विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळते.

पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात. अनोळखी बायका, पोलीस आणि सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका. सामना संपल्यावर सूक वाकिफ या जुन्या बाजारात जा, रात्री उशिरापर्यंत जागं असतं. तिथे करक नावाचा चहा मिळतो. नावाचं कोडं सुटायला आम्हाला दोन घोट लागले: तो आपला कडक चहाच, वेलची घातलेला.

१०. पैसे आणि काँट्री

मैत्री विमानतळावर तुटत नाही, टॅक्सीच्या बिलावर तुटते. निघण्याआधी चौघांनी सारखी रक्कम एकाच्या खात्यात टाकायची, आणि तो माणूस सगळ्यात कंजूष असायला हवा. आमच्याकडे लेफ्ट बॅक होता. टॅक्सी, मेट्रो, जेवण सगळं त्यातून. जर्सी, अत्तर, बायकोसाठी खजूर हे ज्याचं त्याने. सगळ्यात मोठा खर्च विमानाचा, त्याखालोखाल हॉटेल. फुटबॉलवरचा खर्च ऐकून हसू येईल: तीन सामने, माणशी ३० रियाल.

दुकानांत, टॅक्सीत कार्ड चालतं. थोडे रोख रियाल नागपूरहूनच बदलून न्या. पासपोर्ट, पॅन आणि विमानाचं तिकीट घेऊन गेलं की काम होतं. विमानतळावरच्या काउंटरवर बदलू नका, भाव चांगला देत नाहीत.

११. दोहा पचलं, आता युरोप

पुढच्या वर्षी आम्ही जर्मनीला गेलो. तो वीकएंड नव्हता, आठवडा होता. थोडक्यात सांगतो.

जागा निवडायची तर ऱ्हाईन-रूर हा पट्टा. डॉर्टमुंड, बोखुम, गेल्झनकिर्शन, लेव्हरकूझन, कोलोन, म्योंशनग्लाडबाख, सगळी एकमेकांपासून लोकल ट्रेनच्या अंतरावर. डॉर्टमुंडला मुक्काम करा. स्टेशनसमोरच २०१५ पासून जर्मन फुटबॉलचं म्युझियम आहे. त्यांच्या स्टेडियममध्ये ८१,३६५ माणसं मावतात, त्यातली चोवीस-पंचवीस हजार एकट्या दक्षिण स्टँडवर, उभ्याने. गेल्झनकिर्शनला अख्खं मैदान गवतासकट स्टेडियमबाहेर सरकवतात, ऊन खायला. शुक्रवारी संध्याकाळी बुंडेसलिगा, म्हणजे तिथली पहिली लीग, शनिवारी दुपारी एकला दुसरी लीग, मग साडेतीनला किंवा साडेसहाला पुन्हा बुंडेसलिगा, रविवारी आणखी एक. चार सामने बसवता येतात.

पण मोठा सापळा असा: हंगामाच्या सुरुवातीला जे वेळापत्रक येतं त्यात फक्त आठवडा कळतो. सामना शुक्रवारी, शनिवारी की रविवारी, हे काही आठवडे आधी ठरतं. आणि व्हिसासाठी तर विमान-हॉटेल त्याआधीच दाखवावं लागतं. उपाय एकच, गुरुवार ते सोमवार असा पूर्ण पट्टा धरा आणि सामना त्यात कुठेही पडू द्या. इंग्लंडमध्ये टीव्हीसाठी याहून जास्त हलवाहलवी होते. तिथे तिकिटांसाठी बऱ्याच क्लबची मेंबरशिप आधी घ्यावी लागते, आणि स्टेडियमबाहेर ब्लॅकने तिकीट विकणं १९९४ पासून गुन्हा आहे. कोणी हातात ठेवायला आला तर पुढे चालू लागा.

शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, त्याची फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी, कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, रजेचं पत्र, रोजचा कार्यक्रम. बोटांचे ठसे द्यायला आम्ही विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि त्याच रात्री परत निघालो. दोन देश फिरणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा.

आणि दोह्याहून परत येताना सोमवारी पहाटे सोनेगावला न्यायला कोण येणार, ते जाण्याआधी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं. पहाटे तीनला चौघं बॅगा घेऊन वर्धा रोडच्या तोंडाशी उभे होतो, ॲपवर एकही गाडी नाही, आणि स्टॉपर एका बंद पानठेल्याकडे एकटक पाहत होता.